नळीची भिंत

भुसावळहून बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंस, सावदा-रावेरच्या काळ्या रानांत केळीच्या बुंध्यांलगत पसरलेल्या काळ्या नळ्या आता नजरेच्या इतक्या सवयीच्या झाल्या आहेत, की त्या नव्हत्या तेव्हाचा खानदेश पाहिलेली पिढी अजून हयात असूनही, या नळ्या घडतात कशा, कोणत्या गुणामुळे त्यांतील काही वर्षानुवर्षे टिकतात आणि कोणत्या अवगुणामुळे काही दुसऱ्याच उन्हाळ्यात फाटतात, याची विचारपूस करावी असे फारसे कोणास वाटत नाही. मला ती करावीशी वाटली याचे कारण असे, की ज्या वस्तूवर आज शेतीचे पाणी, घराचे पाणी आणि रुग्णालयातील हजारो रोग्यांचे रक्तशुद्धीकरण अवलंबून आहे, ती वस्तू विकत घेणारा माणूस तिच्या बाहेरच्या रंगाकडे आणि किमतीकडे पाहतो. आणि जिच्यावर सर्व भिस्त, ती तिची भिंत मात्र पाहिल्यावाचूनच राहते.

खानदेशात या धंद्याचे मूळ फार जुने नाही. वाकोदला जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी १९७८ साली केळीची भुकटी करणारा एक जुना कारखाना विकत घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पेपेन काढण्यास आरंभ केला, १९८० साली ते पीव्हीसीच्या नळांच्या उत्पादनात उतरले, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात ठिबक सिंचनाच्या साहित्याकडे वळले. त्याच सुमारास बारामतीकडे आप्पासाहेब पवारांनी ठिबकाच्या प्रसाराचे काम हाती घेतले होते, आणि राज्य शासनानेही त्यासाठी अनुदानाची तजवीज केली. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आज नळांचे लहानमोठे कारखाने आहेत, आणि त्यांच्या शेजारीच प्लास्टिकच्या चटया विणणारेही आहेत. ज्या काड्यांनी ती चटई विणली जाते, त्या काड्याही पॉलिप्रोपिलीनच्या बारीक पोकळ नळ्याच असतात; त्या पोकळ असतात म्हणूनच चटई अंगाखाली मऊ लागते, हे त्या चटईवर आयुष्यभर निजलेल्या माणसासही सहसा ठाऊक नसते.

पीव्हीसी कारखान्यात येते ते पांढऱ्याशुभ्र भुकटीच्या रूपाने. तिला तेथे सर्वजण रेझिन म्हणतात. रत्नागिरीजवळ समुद्रकाठी हे रेझिन तयार करणारा मोठा कारखाना आहे, तसेच ते परदेशांतूनही येते. या भुकटीचा स्वभाव मोठा अडचणीचा आहे: ती मऊ होऊन वाहू लागावी यासाठी तिला सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस इतकी उष्णता लागते, आणि जवळपास त्याच उष्णतेला तिचे विघटनही सुरू होऊन हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, पदार्थ प्रथम पिवळा, मग तपकिरी आणि अखेर काळा पडतो. ‘माल जळला’ असे कामगार म्हणतात तो हाच प्रकार. म्हणून रेझिनमध्ये विघटन थोपवणारे स्थिरक, यंत्राला चिकटू नये म्हणून मेणासारखी वंगणे, उन्हापासून रक्षणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड आणि भर म्हणून कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे बारीक दळलेली चुनखडी, असे सर्व साहित्य ठरलेल्या प्रमाणात घालून ते एका अतिवेगवान मिक्सरात घुसळले जाते. त्या मिक्सराच्या पात्यांच्या घर्षणानेच मिश्रण सुमारे ११०-१२० अंशांपर्यंत तापते. तेथून ते थंड मिक्सरात आणि मग हॉपरमधून यंत्राच्या बॅरलमध्ये उतरते. बॅरलमध्ये परस्परांत गुंतलेले आणि विरुद्ध दिशांनी फिरणारे दोन स्क्रू असतात. ते भुकटीला पुढे ढकलतात, दाबतात आणि मळतात; मध्ये एके ठिकाणी निर्वात पंप जोडलेला असतो, तो ओल आणि वायू शोषून घेतो; आणि अखेरीस एकजीव झालेला, दाट रस डायच्या, म्हणजे नळाला आकार देणाऱ्या साच्याच्या, तोंडाशी येऊन उभा राहतो.

येथे खरी अडचण सुरू होते. दिवाळीच्या फराळासाठी सोऱ्यातून शेव पाडताना चकतीच्या छिद्राचा आकार पिठाला आपोआप मिळतो, परंतु ती शेव भरीव असते. पोकळ शेव पाडावयाची झाली, तर प्रत्येक छिद्राच्या ऐन मध्यभागी एक काडी अधांतरी धरून ठेवावी लागेल, आणि पीठ चहूबाजूंनी दाब देत असता ती काडी तसूभरही हलू न देता धरणार कोण, हा प्रश्न उरेलच. प्लास्टिकच्या नळाच्या कारागिरीचा इतिहास म्हणजे बव्हंशी या एका प्रश्नाला दिलेल्या निरनिराळ्या उत्तरांचा इतिहास होय. पीव्हीसीच्या डायमध्ये मधला गाभा, ज्याला मॅन्ड्रेल म्हणतात, तो तीन-चार अरुंद पायांनी बाहेरच्या कड्याला जोडलेला असतो. या पायांच्या रचनेस यंत्रशाळेत स्पायडर असे नाव आहे. रस या पायांशी येऊन दुभंगतो आणि त्यांना वळसा घालून पुढे पुन्हा जुळतो. तो पूर्ण जुळावा म्हणून पायांपुढचा मार्ग क्रमाने निमुळता केलेला असतो, कारण रस जितका दाबला जाईल तितका त्याचा सांधा पक्का बसतो. उष्णता कमी पडली, मार्ग आखूड राहिला किंवा मालात वंगण जादा झाले, तर हा सांधा वरवरचा जुळतो आणि नळाच्या अंगात लांबीच्या दिशेने तीन-चार अदृश्य रेघा कायमच्या राहून जातात. पॉलिएथिलीनच्या नळासाठी पाय नसलेला, सर्पिल खोबणींचा मॅन्ड्रेल वापरतात. त्यात रस खोबणीतून गोल गोल चढत शेजारच्या थरात मिसळत जातो आणि सांध्याची रेघ उरतच नाही.

या हुन्नराचे आद्य स्वरूप मुंबईच्या इतिहासाशी जोडलेले आहे. मलाया द्वीपकल्पातील झाडांच्या चिकापासून मिळणारे गटापर्चा हे निसर्गाने घडवलेले बहुवारिक, म्हणजे आजच्या भाषेत पॉलिमर. हेन्री बेव्ली याने १८४५ साली गटापर्चा मऊ करून छिद्रातून दाबून त्याच्या नळ्या काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि थोड्याच वर्षांत या पद्धतीने तांब्याच्या तारेभोवती गटापर्चाचे अखंड वेष्टण चढवता येऊ लागले. मधला गाभा काढून घ्यावयाचा तर नळी, आणि गाभ्याच्या जागी तारच ठेवली तर केबल, युक्ती एकच. त्या वेष्टणाच्या बळावर समुद्राखालून तारायंत्र धावू लागले, आणि ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने १८७० साली मुंबईपासून एडनपर्यंत केबल टाकून हे शहर लंडनशी जोडले. पीव्हीसीची जन्मकथा याहून मंद आहे. १८७२ साली ऑयगेन बाउमान याला सूर्यप्रकाशात राहिलेल्या नळकांड्यातील व्हायनिल क्लोराइडचा पांढरा घन झालेला दिसला. १९१३ साली फ्रिट्झ क्लाटे याने त्याच्या निर्मितीचे पेटंट घेतले. परंतु या हट्टी पदार्थाला न जाळता वाहते करण्याची विद्या हस्तगत होण्यास आणखी दोन दशके लागली, आणि १९३०च्या दशकाच्या मध्यास जर्मनीत पीव्हीसीचे पाण्याचे नळ प्रथम जमिनीत घातले गेले. त्यांतील काही पुढे कित्येक दशके सेवेत राहिले, यावरून हा पदार्थ नीट घडवला तर किती इमानी ठरतो ते दिसून येते.

डायमधून बाहेर पडलेला नळ हा अद्याप नळ नसतो. तो एक मऊ, गरम, स्वतःच्या भाराने खचू पाहणारा आकार असतो. जळगावच्या एका कारखान्यात यंत्रापाशी उभा राहून मी जे पाहिले, त्यात माझे मन सर्वांत जास्त गुंतले ते पुढच्या टप्प्यात. हा मऊ आकार पितळेच्या एका छिद्रांकित बाहीतून एका बंद टाकीत शिरतो; टाकीतील हवा पंपाने काढून घेतलेली असते, आणि नळाच्या आत मात्र हवेचा नेहमीचा दाब असतो. त्यामुळे आतली हवाच भिंतीला बाहेर रेटून बाहीच्या पृष्ठाशी चिकटवते, आणि त्याच क्षणी थंड पाण्याचे फवारे त्या आकाराला कायम करून टाकतात. मॅन्ड्रेलने मागे सोडलेली पोकळी सांभाळण्याचे काम येथे हवेने पत्करलेले असते. या रीतीने निश्चित होते ते नळाचे बाह्यमाप, कारण सांध्यात बसते ते बाह्यमाप. भिंतीच्या जाडीत होणारी सारी कमीजास्त चूक आतल्या पोकळीच्या माथी जाते. टाकीपुढे हॉल-ऑफ नावाचे यंत्र पट्ट्यांमध्ये नळ धरून त्याला एकसारखे ओढत असते. त्याची गती वाढवली की भिंत पातळ, कमी केली की जाड. याच एका बटणाशी धंद्याचा नफा आणि गिऱ्हाइकाचे नशीब दोन्ही बांधलेले असल्यामुळे, चांगल्या कारखान्यात पाळीमागून पाळी नळाचा कापलेला तुकडा घेऊन कामगार त्याची जाडी परिघावर अनेक ठिकाणी मापतात, आणि एका अंगास ती कमी दिसली तर डायच्या कड्यावरील बोल्ट किंचित सैल-घट्ट करून कडे मध्यावर आणतात. पॉलिएथिलीनच्या जाड भिंतीच्या मोठ्या नळात आणखी एक विघ्न असते: बाहेरून गोठलेल्या भिंतीच्या आतला थर बराच वेळ मऊ राहतो आणि वरून खाली ओघळून तळाशी साचतो, म्हणून असे नळ न ओघळणाऱ्या खास प्रतीच्या मालातूनच काढावे लागतात.

जाडीचा एवढा आग्रह कशासाठी, याचे उत्तर बलशास्त्राच्या एका साध्या सिद्धान्तात आहे, आणि तो प्रत्येक पाणीपुरवठा समितीच्या सभासदास ठाऊक असावयास हवा. दाबाखालील नळाच्या भिंतीवर दोन दिशांनी ताण येतो: एक लांबीच्या दिशेने आणि दुसरा घेराच्या दिशेने, आणि पातळ भिंतीच्या नळात घेराचा ताण लांबीच्या ताणाच्या दुप्पट असतो. फुटलेला नळ आडवा न तुटता उभा चिरतो तो यामुळेच, आणि स्पायडरच्या पायांनी सोडलेले कच्चे सांधेही दुर्दैवाने नेमके त्याच दिशेने धावत असतात. ११० मिलिमीटर बाह्यमापाचा, सहा किलोच्या दाबाचा नळ घेतला तर त्याची भिंत साडेतीन ते चार मिलिमीटरच्या दरम्यान असते आणि पूर्ण दाबाला तिच्यावर सुमारे साडेआठ मेगापास्कल ताण येतो. एखाद्या अंगाने ही भिंत एक पंचमांश कमी झाली, तर त्या ठिकाणचा ताण सुमारे एक चतुर्थांशाने वाढतो, मग उरलेल्या परिघावर ती कितीही जाड असो. नळाचे बळ हे त्याच्या सरासरी जाडीचे बळ नव्हे, ते त्याच्या सर्वांत पातळ जागेचे बळ होय. शिवाय प्लास्टिक ताणाखाली वर्षानुवर्षे अत्यंत मंदगतीने सरकत राहते. आज तासभर सोसलेला दाब पन्नास वर्षे सोसला जाईल असे नाही, म्हणून मानकांत ६० अंश उष्णतेच्या पाण्यात हजार तास दाबाखाली ठेवण्याची परीक्षा आहे. घेराच्या ताणावर अलीकडे काढलेला उपाय मला फार बुद्धिमान वाटतो: तयार नळ पुन्हा मृदू होण्याइतका तापवून त्याला घेराच्या दिशेने फुगवतात, त्यामुळे लांबच लांब रेणू त्याच दिशेने ओळीत लागतात, आणि पुष्कळ पातळ भिंत तेवढाच दाब सोसू शकते.

ठिबकाच्या नळीची गोष्ट याहून नाजूक आहे. सिम्खा ब्लास या जलअभियंत्याने १९३०च्या दशकात पॅलेस्टाइनमध्ये, गळक्या नळाशेजारी वाढलेले एक झाड भोवतालच्या झाडांहून जोमदार असल्याचे पाहिले. परंतु त्या कल्पनेला मूर्त रूप मिळण्यास स्वस्त प्लास्टिकची वाट पाहावी लागली, आणि १९६५ साली हात्झेरिम या किब्बुत्झबरोबर त्याने नेटाफिम या कंपनीची उभारणी केली. त्याच्या शोधाचे मर्म छिद्र बारीक करण्यात नव्हते, कारण बारीक छिद्र गाळाने लगेच बुजते. पाण्याला लांब, वळणावळणाच्या वाटेने नेऊन त्याचा दाब घर्षणात खर्ची घालावयाचा, म्हणजे वाट रुंद ठेवूनही तासाला दोन-चार लिटरच पाणी बाहेर पडते, ही ती युक्ती. आज अशी वाट कोरलेला चपटा ड्रीपर नळीच्या पोटातच बसवतात. नळीची पॉलिएथिलीनची मऊ भिंत डायमधून बाहेर पडत असतानाच मॅन्ड्रेलच्या आरपार असलेल्या भोकातून एकामागून एक ड्रीपर आत सोडले जातात. ते गरम भिंतीला आतून चिकटतात, नळी थंड होते, आणि पुढे एक संवेदक ड्रीपरची जागा हेरतो आणि नेमक्या त्याच ठिकाणी बाहेरून भोक पाडले जाते. हे सर्व मिनिटाला शंभर मीटरहून अधिक वेगाने चालते. नळीचा काळा रंग हा शोभेचा नव्हे: सुमारे दोन-अडीच टक्के बारीक काजळी मालात सारखी पसरलेली असते, ती ऊन स्वतःवर घेते. काजळी कमी असली किंवा तिचे गुठळे राहिले, तर नळी वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात ठिसूळ होते.

ज्या पोकळ वस्तूला दोन्ही तोंडे नसतात, तिच्यासाठी डाय आणि मॅन्ड्रेल निरुपयोगी ठरतात. घरांच्या गच्च्यांवरील काळ्या टाक्या गुजरातेतील कलोल येथे सिंटेक्सने १९७५ च्या सुमारास आणल्या. त्यांचा साचा पोकळ असतो, त्यात टाकीच्या वजनाइतकी भुकटी मोजून घालतात आणि तो भट्टीत एकाच वेळी दोन अक्षांभोवती सावकाश फिरवतात. भुकटी वितळून भिंतीला थरावर थर चढत जाते आणि फिरवत फिरवतच साचा थंड करतात. भट्टीत वेळ कमी पडला तर आतून बुडबुडे आणि खरखर राहते, जास्त झाला तर माल करपून टाकी तडकते. पाण्याच्या बाटलीला हवेचा आधार असतो: नेथॅनिएल वायथ याने १९७३ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीत एक जाड, आखूड नळी सुमारे १०० अंशांवर तापवून आतून दांड्याने लांब ताणतात आणि लगेच जोराच्या हवेने साच्यापर्यंत फुगवतात.

परंतु या सर्व विद्येचे शिखर पाहावयाचे असेल तर डायलिसिसच्या खाटेपाशी जावे लागते. रोग्याशेजारी टांगलेल्या हातभर पारदर्शक नळकांड्यात सुमारे दहा हजार पोकळ तंतू असतात. प्रत्येकाची आतली पोकळी सुमारे २०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा, आणि भिंत सुमारे ४० मायक्रॉन. हे तंतू पाव मीटर लांबीचे धरले तर एकाच नळकांड्यात अडीच किलोमीटर नळी भरते. तिच्या आतल्या पृष्ठाचे क्षेत्र दीड चौरस मीटरहून अधिक होते, आणि तिच्यात एका वेळी असणारे रक्त मात्र ८० मिलिलिटरच्या आसपास. येथे मॅन्ड्रेलची जागा द्रवाने घेतलेली आहे. एकात एक बसवलेल्या दोन सूक्ष्म नळ्यांपैकी बाहेरच्या कड्यातून पॉलिसल्फोनसारख्या पॉलिमरचे द्रावण आणि आतल्या नळीतून दुसरा द्रव एकाच वेळी वाहतो. ही धार थोडी हवेतून पडून पाण्यात शिरते, द्रावक पाण्यात निघून जातो, आणि पॉलिमर गोठताना त्याच्या भिंतीत असंख्य रंध्रे आपोआप निर्माण होतात: आतल्या अंगास घट्ट, पातळ त्वचा आणि बाहेर सच्छिद्र आधार. अशा असमान भिंतीची कल्पना कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या खटपटीत सिद्ध केली, आणि डाऊ कंपनीतील हेन्री मॅहन याने १९६०च्या दशकात पोकळ तंतूंच्या जुडीचा मार्ग दाखवला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही अशा पोकळ तंतूंवर काम झाले आहे. युरिया या भिंतीतून पार जातो आणि अल्ब्युमिन आत राहते. दहा हजारांतील एक तंतू फुटला तरी रक्त पलीकडे जाऊ लागते, म्हणून यंत्रात गळती ओळखणारा संवेदक असतोच, आणि तो वाजला की उपचार थांबतो.

रुग्णालयात भिंतीवर अशी पाळत असते. शेतात आणि गावच्या पाणीयोजनेत ती नसते. पीव्हीसीची घनता सुमारे १.४ आणि चुनखडीची सुमारे २.७, चुनखडी रेझिनहून फार स्वस्त. मालात ती वाजवीहून अधिक घातली तर नळ स्वस्त पडतो, शिवाय तेवढ्याच भिंतीचा नळ वजनास अधिक भरतो, आणि काट्यावर तोलून घेणारा गिऱ्हाईक जड नळ म्हणजे चांगला नळ असे समजून संतुष्ट होऊन घरी जातो. तो नळ थंडीच्या पहाटे कुदळीच्या हलक्या घावाने तडकतो. भारतीय मानक आयएस ४९८५ मध्ये घनतेची १.४० ते १.४६ अशी मर्यादा घातलेली आहे ती या जादा भरीला आळा बसावा म्हणून. आणि स्थिरक म्हणून पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या शिशाच्या संयुगांना नळांतून बाहेर काढण्यासाठी केंद्र शासनाने २०२१ साली स्वतंत्र नियम केले. नियम उत्तम आहेत. त्यांचा अंमल मात्र खरेदी करणाऱ्याच्या दक्षतेवाचून होत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून ग्रामपंचायतीच्या सभासदांस, पाणीपुरवठा समितीच्या मंडळींस आणि स्वतःच्या घामाच्या पैशातून नळ घेणाऱ्या शेतकरी बांधवांस माझी विनंती आहे, की दुकानात वजनकाट्याऐवजी कॅलिपर मागावा. नळाच्या दोन्ही टोकांची जाडी चार चार ठिकाणी स्वतः मापावी आणि त्यांतील सर्वांत लहान आकडा मानकाच्या तक्त्याशी ताडून पाहावा. नळावर छापलेला आयएस क्रमांक, दाबाचा वर्ग आणि बॅच पावतीवर लिहून घ्यावी. चार किलोचा किंवा सहा किलोचा नळ म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला तेवढ्या दाबाचा नळ, ही खूणगाठ बांधून पंपाच्या दाबाप्रमाणे वर्ग निवडावा, आणि घरी आणलेले पीव्हीसीचे नळ पुरण्याच्या दिवसापर्यंत सावलीत, सपाट जागी ठेवावेत.